मालक मुंबईत, जमीन कोकणात: स्वतःची नजर, मुखत्यार, वकिलाचा सर्च की गडगा?

खऱ्या मालकाच्या नावाने तोतया उभा करून परस्पर जमीन विकणाऱ्याला काही सातबारे फार सोयीचे असतात. मयत आजोबा अजून खातेदार आहेत, भावकीतली पंधरा-वीस नावं सामायिकात आहेत आणि खरा मालक गणपती-शिमग्यापलीकडे गावात फिरकत नाही, असे. त्यामुळे पुढचा कोणताही उपाय निवडा, आधी वारसनोंद उरका. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याच्या नोंदीची, नोटीस सातबाऱ्यावरच्या माणसाला जाते. तो माणूस वीस वर्षांपूर्वी वारला असेल तर ती कोण उघडणार? मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून महसूल खात्याच्या ई-हक्क ह्या ऑनलाइन प्रणालीवरून अर्ज करता येतो. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं गाळू नका. तोतयाला पुढे वाद उकरायला तेवढी फट पुरते.

आता उपाय. फुकटातला आणि आमच्या मते पहिल्या पसंतीचा म्हणजे स्वतः नजर ठेवणं. पण बहुतेक लोक चुकीच्या जागी बघतात. दस्त आधी दुय्यम निबंधकाकडे नोंदतो, तिथून माहिती संगणकावर ई-फेरफारकडे जाते, तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) फेरफार धरून नोटीस काढतो, हरकतीला १५ दिवस मिळतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि शेवटी सातबारा बदलतो. सातबाऱ्यावर नाव बदललेलं दिसेपर्यंत गाडी शेवटच्या स्थानकावर पोचलेली असते. म्हणून दर दहा दिवसांनी ‘आपली चावडी’ ह्या सरकारी संकेतस्थळावर गावाच्या फेरफार नोटिसा पाहा, आणि महिन्यातून एकदा नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये चालू वर्षाची सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा). तिथे दस्त फेरफाराच्या आधी दिसू शकतो. शोधताना फक्त सर्व्हे नंबर टाका. पोटहिस्सा कुठे ‘१२/३अ’, कुठे ‘१२/३/अ’ असा टाइप झालेला असतो आणि नेमका आपलाच दस्त सापडत नाही. नव्या नमुन्याच्या सातबाऱ्यावर शेवटचा फेरफार क्रमांक आणि प्रलंबित फेरफार छापलेला असतो. तो क्रमांक वहीत लिहून ठेवा. कार्यालयात द्यायला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, नुसता पाहायला पैसे पडत नाहीत.

ह्यातली उणीव उघड आहे: चोरी कळते, थांबत नाही. आणि हरकतीला, मोजणीला उभं राहायला गावात माणूस हवा. तिथे कुळमुखत्यारपत्राचा (आपल्या वतीने कामं करायचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या पत्राचा) विचार येतो, आणि सगळ्यात जास्त सावध इथेच राहायला हवं. टायपिस्टकडच्या तयार मसुद्यात ‘विक्री, गहाण, बक्षीस, साठेखत’ हे शब्द आधीच बसलेले असतात. त्यावर सही केली की तोतया उभा करायची गरजच उरत नाही. तुमच्याच सहीने जमीन जाते. पत्रात गाव, सर्व्हे नंबर, पोटहिस्सा, नेमकी कामं (मोजणीला हजर राहणे, हरकत देणे, सारा भरणे) आणि मुदतीची तारीख घाला. ‘विक्री, गहाण, तारण वा भाडेपट्ट्याचा अधिकार नाही’ हे वेगळ्या ओळीत स्पष्ट लिहा. भावकीतला माणूस असला तरी लिहा, उलट तेव्हा तर नक्कीच. साधारणपणे मालक वारला की मुखत्यारपत्र संपतं, पण ते टेबलावरच्या कारकुनाला कळायला मार्ग नसतो. रद्द करायचं तर नोंदवलेलं पत्र नोंदणी करूनच रद्द करा, मुखत्याराला रजिस्टर पोस्टाने कळवा, मूळ प्रत परत घ्या. परदेशातून पाठवलेलं पत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावं लागतं. हे बरेच जण विसरतात.

वकिलाचा तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या दस्तांचा शोध, चांगला, पण तो पहारा नव्हे. एकदा करून घ्या, म्हणजे जुना बोजा, कुळाची नोंद, अर्धवट खरेदीखत काय ते बाहेर येईल. दरवर्षी केलात तरी १५ दिवसांची हरकतीची मुदत त्यात हुकतेच. दुय्यम निबंधकाला ‘माझी जमीन कोणी विकू नये’ असं पत्र देणारेही असतात. तो मालकी तपासत नाही. त्याला थांबवायला बहुधा कोर्टाचा मनाई आदेशच लागतो. पेपरातली जाहीर नोटीस ह्याच माळेतली.

गडग्याचं, म्हणजे हद्दीवरच्या दगडी कुंपणाचं, काम वेगळं. ‘बारा वर्षं जमीन माझ्याच ताब्यात आहे, म्हणून ती माझी’ अशा प्रतिकूल कब्ज्याच्या दाव्याला तो आडवा येतो, कागदी तोतयाला नाही. तरीही मोजणी करून ‘क’ प्रत (हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा) घेतलेली, जांभ्याचा गडगा घातलेला आणि सर्व्हे नंबर व फोन लिहिलेला फलक असलेली जमीन दाखवायला तोतया गिऱ्हाईक आणेल, तर ते गिऱ्हाईक फलकावरचा फोन फिरवतं. हापूसची बाग राखणीला किंवा फळांच्या बोलीवर दिलीत तर हंगामापुरता लेखी करार करा, नाहीतर उद्या वहिवाटीचा दावा उभा राहतो. ई-पीक पाहणी (सातबाऱ्यावर पीक लावायची मोबाइलवरची नोंद) शक्यतो स्वतः करा.

मग निवड कशी करायची? खातं एकट्याचं आणि वारसनोंद पूर्ण असेल तर स्वतःची नजर आणि फलक एवढ्यावर भागेल. सामायिक खात्यात नजरेसोबत मर्यादित मुखत्यार घ्या, पण हेही ध्यानात असू द्या की सहहिस्सेदार स्वतःचा अविभक्त हिस्सा विकू शकतो. ती फसवणूक नव्हे. त्यावर इलाज वाटपाचा. कातळाची, नजरेआड पडलेली जमीन असेल तर पैसे आधी मोजणीत घाला.

चावडीवर अनोळखी नोंद दिसलीच, तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मग ती नोंद वादग्रस्त म्हणून तक्रार नोंदवहीत जाते. ती आधीच प्रमाणित झाली असेल तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील. मात्र ह्याने थांबतो तो फेरफार, दस्त नव्हे. दस्त रद्द करायला दिवाणी कोर्टातच जावं लागतं, तेही कळल्यापासून तीन वर्षांत. तोतयेगिरीला नोंदणी कायद्याच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. पोलिसांकडे जाण्याआधी दस्ताची प्रमाणित नक्कल काढा: त्यात तुमच्या नावाने बसलेल्या माणसाचा फोटो असतो, अंगठा असतो, आणि ‘आम्ही ह्यांना ओळखतो’ म्हणून सही करणाऱ्यांची नावं-पत्तेही.