सिनायचा डोंगर रात्री चढलो: डोंगराला पाच स्टार, पॅकेजला दोन

आधीच सांगून टाकते, मार्क दोघांना वेगवेगळे देणार आहे. इजिप्तमधला हा डोंगर आणि तिथला बेदूइन (वाळवंटातल्या टोळीचा) गाईड, पाचपैकी पाच. आमच्या इकडची टूरवाली एजन्सी, पाचपैकी दोन, आणि ते दोनसुद्धा बसचा एसी शेवटपर्यंत चालला म्हणून. नाव लिहीत नाही, उगाच भांडण वाढवायचं नाहीये.

मी गोव्यातल्या डिचोलीची. आमच्या घरात गणपती, शिगमो, सगळं यथासांग, तर मी या ख्रिस्ती यात्रेच्या टूरला कशी असं सगळ्यांनी विचारून झालंय. शेजारच्या आंटीला जायचं होतं, वय त्रेसष्ट, मुलगा बोटीवर, सोबत कोण नाही, आणि एक दिवस कुंपणावरून म्हणाली 'चल गो, वचून येवया' की मी हो म्हणून बसले. आमच्या ह्यांना वाटलं गंमत करतेय, व्हिसाचे फोटो काढून आले तेव्हा खरं वाटलं त्यांना.

पॅकेजच्या कागदावर लिहिलेलं 'माउंट सिनाय सनराइज, हलका ट्रेक'. हलका म्हणजे काय हे ज्याने लिहिलं त्याला एकदा चढवला पाहिजे. खाली सेंट कॅथरीनचा मठ आहे तोच साधारण दीड हजार मीटर उंचीवर, आणि जेबेल मुसाचं, म्हणजे याच सिनाय डोंगराचं, टोक 2285 मीटर, म्हणजे सातशेएक मीटर सरळ अंगावर, तेही रात्री, तेही फेब्रुवारीत. पारोड्याचा चंद्रेश्वर भूतनाथाचा डोंगर चढताना आपण अर्ध्यावर लिंबूसोडा शोधतो, तसले दोन चंद्रेश्वर एकावर एक ठेवा. आणि थंडी! एजन्सीने सांगितलेलं 'एखादं स्वेटर घ्या'. मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घेतलं, आपल्याकडे त्याला थंडीचं म्हणतात, तिथे ते बनियनसारखं लागत होतं. हिवाळ्यात वर पारा शून्याच्या खाली जातो, कधीकधी बर्फसुद्धा पडतं, हे आम्हाला कळलं बसमध्ये, शर्म एल शेख या समुद्रकाठच्या शहरातून निघाल्यावर. तीन तासांचा रस्ता, मध्ये चेकपोस्ट, झोप लागली रे लागली की कुणीतरी पासपोर्ट मागतोय.

रात्री दीडला पायथ्याशी उतरलो. गाईडशिवाय वर सोडत नाहीत, आणि ते गाईड तिथल्याच जबालिया टोळीचे. सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाने मठ बांधला तेव्हा त्याच्या राखणीला जी माणसं पाठवली त्यांचे आपण वंशज, असं ते लोक सांगतात. आमचा गाईड पोरगा विशीतला असेल, पायात साधे कॅनव्हासचे बूट, डोक्याला लाल-पांढरा रुमाल, टॉर्च नाहीच. त्याला लागतच नव्हती. मला वाटलं हा आपल्याला पळवणार, पण पहिल्या दहा मिनिटांत त्याने आंटीचा श्वास ऐकला आणि स्वतःची चाल अर्धी केली, न बोलता. टूर मॅनेजर मात्र पुढून ओरडतोय 'फास्ट फास्ट, सनराइज मिस होईल'. तिथेच माझे त्या माणसाचे मार्क कापले गेले.

वर जायला वाटा दोन. एक मठाच्या मागून थेट दगडी पायऱ्यांची, 3750 पायऱ्या, एका साधूने प्रायश्चित्त म्हणून रचल्या अशी कथा आहे, रात्री त्या वाटेला जाऊ नका. दुसरी उंटांची, रुंद, वळणावळणाची, बहुतेक सगळे हिच्यानेच जातात. पण अंधारात उंट दिसत नाही हो! आधी एक उबट फुस्स असा श्वास मानेवर येतो, मग 'कॅमल? गुड कॅमल?', आणि मग एवढं थोरलं धूड तुम्हाला घासून पुढे जातं. नेहमी डोंगराच्या अंगाने चाला, दरीच्या अंगाने नाही, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं म्हणून मी सांगतेय. कागदावर 'उंटाची सोय' लिहिलेलं, तिथे कळलं सोय म्हणजे उंट हजर असतात, पैसे आपले. आंटीने पैसे दिले, चढली, आणि वरून मला म्हणते 'म्हजे पांय वांचले, तुजे सांबाळ'.

वाटेत दगडाच्या टपऱ्या आहेत, आत गालिचे, कंदील, चहा. आमच्या पोराने खिशातून एक वाळलेली काडी काढून ग्लासात मोडून टाकली, हबक म्हणतात, पुदिन्यासारखा वास, आणि साखर इतकी की चमचा उभा राहील. ग्लास दोन्ही हातांत धरून बसले तेव्हा कळलं बोटांची टोकं अजून आहेत. बाहेर आले आणि वर बघितलं. मी गोव्यात समुद्रावर पुष्कळ रात्री काढल्यात पण असलं आकाश बघितलं नव्हतं, आणि खाली वळून बघावं तर आपल्याच वाटेवर टॉर्चची लांब माळ, दिंडी निघालीय जशी.

उंट शेवटपर्यंत जात नाही. शेवटच्या 750 पायऱ्या स्वतःच्या पायांनी, आणि त्या पायऱ्या म्हणजे कुठे गुडघ्याएवढी, कुठे वितीएवढी, झिजून गुळगुळीत झालेली. इथे आंटी बसली. म्हणाली मी इथूनच नमस्कार करते. मॅनेजर केव्हाच वर. पोराने काय केलं, स्वतःचा रुमाल सोडला, एक टोक आंटीच्या हातात, एक स्वतःच्या, आणि दर वीस पायऱ्यांना थांबायचं. मी मागून. मोबाईलची बॅटरी थंडीने चाळीस टक्क्यांवरून धाडकन मेली, त्यामुळे फोटो नाही, विचारू नका.

टोकाखाली भाड्याने घोंगडी मिळतात, घासाघीस करू नका, घ्या. वर 1934 साली बांधलेलं छोटं चॅपल आहे, आम्ही गेलो तेव्हा कुलूप होतं, आणि बाजूलाच लहानशी मशीद. मुसा म्हणजे मोझेस, त्याला इथे दहा आज्ञा मिळाल्या अशी श्रद्धा, ज्यूंचा तो, ख्रिश्चनांचा तो, मुसलमानांचाही तो. गर्दी इतकी की घोंगडी एकमेकांत अडकतात. साडेपाचनंतर पूर्वेला एक रेघ उमटली, मग खालचे डोंगर एकेक करून वर आले, आधी काळे, मग जांभळे, आणि ऊन पडलं तसे ग्रॅनाईटचे सगळे कडे भट्टीतून काढलेल्या विटेसारखे लाल. बाजूला कोरियन ग्रुप गात होता, तो थांबला आणि आमच्यातल्या एका म्हाताऱ्याने कोंकणी कांतार काढलं, हळू, बेसूर. आंटी रडली. मी पण, पण थंडीने म्हणाले.

आता खरी तक्रार. गुडघे दुखवत खाली आलो, मठ बघायचा म्हणून. सहाव्या शतकातला मठ, 2002 पासून युनेस्कोच्या यादीत, आत ते जळतं झुडूप, ज्यातून देव मोझेसशी बोलला अशी श्रद्धा, जुन्या हस्तलिखितांची लायब्ररी, आंटी मुळात त्या झुडपासाठी आलेली. दार बंद. रविवार होता. पर्यटकांना मठ शुक्रवारी आणि रविवारी बंद असतो, आणि एजन्सीने 'पवित्र दिवशी पवित्र डोंगर' म्हणून मुद्दाम रविवार धरलेला! एक फोन केला असता तर कळलं असतं. मॅनेजर म्हणतो 'बाहेरून फोटो घ्या'. आंटी काही बोलली नाही, भिंतीला हात लावून उभी राहिली, तेवढ्यात बसचा हॉर्न. परत आल्यावर ऑफिसात गेलो तर म्हणे पुढच्या टूरला पाच टक्के डिस्काउंट देतो. आंटीने जो कोंकणीत जवाब दिला तो इथे लिहिता येत नाही.

कुणाला जायचंच असेल तर आधी विचारा, डोंगर कुठल्या वारी आहे, आणि आदल्या रात्री सेंट कॅथरीन गावातच मुक्काम मागा, शर्महून एका रात्रीत जाऊन-येऊन करू नका. गाईडला टिप नीट द्या, त्यात हात आखडू नका. आणि जॅकेट माझं घेऊन जा, आल्यावर जाडं घेतलंय पुढच्या वेळेसाठी, आंटी परत जायचं म्हणतेय, यंदा बुधवारी.