रोझमेरीचा गुच्छ बांधावा की पुदिन्याचा?

सुगंधी वनस्पती आणि खाण्याजोगी फुले घेऊन हातातच बांधायच्या गुच्छाचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. एकात रोझमेरी, सेज, थाइम, लॅव्हेंडर अशा कडक काड्यांच्या वनस्पतींचा भरणा असतो. दुसऱ्यात पुदिना, सब्जा, शेपू, कोथिंबीर असा कोवळा पाला असतो. दिसायला दोन्ही देखणे असतात, त्यामुळे निवड रूपावरून करू नये. गुच्छ किती वेळ पाण्याबाहेर राहणार आहे आणि शेवटी त्यातले काही पोटात जाणार आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावीत.

टिकण्याच्या बाबतीत सामना एकतर्फी आहे. रोझमेरीची पाने अरुंद, जाडसर आणि वरून तुकतुकीत असल्यामुळे त्यांतून पाणी हळू उडते, आणि पाणी वेळेवर बदलले तर अशा काड्या आठवडाभर सहज ताज्या राहतात. पुदिन्याचे शेंडे मात्र खुडल्यावर थोड्याच वेळात माना टाकतात. त्यावर उपाय आहे, पण त्यासाठी आदल्या दिवशीपासून तयारी लागते: सकाळी दव वाळल्यावर काड्या कापाव्यात, खालची पाने काढून त्या खोल पाण्यात उभ्या ठेवाव्यात आणि काही तास सावलीत राहू द्याव्यात. सब्जा मात्र फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण फार गारव्याने त्याची पाने काळी पडतात. शिवाय स्वयंपाकाला हवे असतात ते कोवळे शेंडे, तर गुच्छाला हवी असते कळ्या धरलेली, थोडी जून झालेली काडी. कोवळ्या पाल्याचा गुच्छ बांधणाऱ्याने यातली एक बाजू सोडण्याची तयारी ठेवावी. मी चवीची बाजू थोडी सोडतो, कारण लोंबकळणारा गुच्छ कोणी हातात घेत नाही.

बांधणीची रीत दोन्हींसाठी एकच आहे. पहिली काडी हातात उभी धरायची, पुढची प्रत्येक काडी तिच्यावर एकाच दिशेने तिरकी ठेवायची आणि दर काही काड्यांनंतर जुडी हातातल्या हातात थोडी फिरवायची. सगळ्या काड्या एकाच बिंदूवर एकमेकींना छेदतात आणि खाली पसरतात. तिथे दोरा आवळून देठ एका पातळीत कापले, तर चांगला जमलेला गुच्छ टेबलावर आधाराशिवाय उभा राहतो. कडक काड्यांवर हा ताण सहज पेलला जातो. पुदिन्याची काडी चौकोनी आणि रसाळ असते. बारीक दोऱ्याने आवळली की ती चेपते आणि वरच्या पानांना पाणी पोहोचत नाही, म्हणून तिथे रुंद सुती फीत वापरावी. बांधणीच्या बिंदूखालची पाने दोन्ही प्रकारांत काढावीत, नाहीतर ती पाण्यात कुजतात आणि पाणी गढूळ होऊन वास मारू लागते.

गंधाचा हिशेब मात्र उलट आहे. रोझमेरी हाताळताना बोटांना राळेसारखा चिकट लेप बसतो आणि तिच्या उग्र वासापुढे गुलाबासारखी मंद गंधाची फुले झाकोळतात. फुलांचा गंध हाच हेतू असेल, तर पुदिना कमी घालून शेपूची पिवळी छत्रीसारखी फुले आणि गुलाब घ्यावेत. कॅलेंडुला, म्हणजे झेंडूसारखे दिसणारे केशरी-पिवळे खाण्याजोगे फूल, दोन्हीकडे शोभते. व्हायोलाचे देठ आखूड असतात आणि नॅस्टर्शियम लवकर मलूल होते. ही फुले गुच्छात कोंबण्यापेक्षा थेट ताटात ठेवलेली बरी.

खाण्याचा विचार असेल तर कोवळ्या पाल्याच्या गुच्छात जास्त काटेकोर राहावे लागते, कारण त्याची पाने बहुधा कच्चीच खाल्ली जातात. शोभेसाठी विकली जाणारी फुले खाण्यासाठी वाढवलेली नसतात, त्यांच्यावर कीटकनाशके असू शकतात. ती घेऊ नयेत. पाण्यात फुले टिकवण्याची पूडही टाकू नये. कण्हेर, डिजिटॅलिस किंवा स्वीट पी ही विषारी फुले केवळ रंगासाठीसुद्धा मिसळू नयेत, कारण ताटाजवळ ठेवलेल्या गुच्छातले काय खायचे आणि काय नाही, हे पाहुणा विचारत बसत नाही.

माझा कल स्पष्ट आहे. गुच्छ भेट म्हणून दूर न्यायचा असेल, तर कडक काड्यांचाच बांधावा आणि कॅलेंडुलाने उजळवावा. तो घरच्याच टेबलावर, जेवणाआधी तासभर बांधायचा असेल, तर कोवळा पाला निवडावा, मात्र मध्ये रोझमेरीच्या दोन-चार काड्या कण्यासारख्या ठेवाव्यात. एरवी सैल पडणारी जुडी त्यांच्यामुळे सरळ राहते. काम झाल्यावर रोझमेरी आणि थाइम उलटे टांगून सावलीत वाळवता येतात आणि पुढे कित्येक महिने स्वयंपाकात वापरता येतात. कोथिंबीर वाळवली तर तिचा वास जवळजवळ उडून जातो, म्हणून ती त्याच दिवशी संपवावी. पुदिन्याच्या उरलेल्या काड्या मात्र पाण्यातच राहू द्याव्यात, त्यांना मुळे फुटतात आणि त्या कुंडीत लावता येतात.