नॉट इन की नॉट एक्झिस्ट्स?

एका टेबलात आहेत पण दुसऱ्यात नाहीत, अशा ओळी शोधायची वेळ डेटाबेसवर काम करणाऱ्या प्रत्येकावर येते: एकही ऑर्डर न दिलेले ग्राहक, फी न भरलेले विद्यार्थी. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मी यासाठी क्वेरीतल्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातल्या) दोन्ही अटी वापरल्यात: नॉट इन, म्हणजे ‘या यादीत नाही’, आणि नॉट एक्झिस्ट्स, म्हणजे ‘अशी ओळच नाही’.

वाचायला नॉट इन सरस, यात वाद नाही. नॉट एक्झिस्ट्समध्ये आतली क्वेरी बाहेरच्या टेबलाशी जोडणारी अट लिहावी लागते, नवख्याला ती जड जाते.

माझा कौल मात्र नलने, म्हणजे माहिती न भरलेल्या रिकाम्या रकान्याने, ठरवला. एका दुकानाच्या ऑर्डरींमध्ये काउंटरवरच्या रोख विक्रीला ग्राहक क्रमांक नसायचा, रकाना नल. ‘ऑर्डर न दिलेले ग्राहक’ नॉट इनने मागितले, तर उत्तर शून्य ओळी. एरर नाही, वॉर्निंग नाही. 7 हा क्रमांक 3, 5 आणि नल यांच्यात नाही ना, असं विचारलं की 7 आणि नलची तुलना ‘अज्ञात’ ठरते, त्यामुळे अख्खी अट अज्ञात होते, आणि ओळी निवडणारं व्हेअर अशी ओळ गाळतं. एकच नल पुरतो. एरर आली असती तर लगेच दुरुस्त करता येते. रिकामी यादी मात्र खरी वाटते आणि तशीच अहवालात जाते. याचाच मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

आतल्या क्वेरीत ‘इज नॉट नल’ घातलं की भागतं, हे मान्य. पण ते दर वेळी आठवायला हवं, आणि आज नल न घेणारा रकाना उद्या कुणीतरी सैल करतं. नॉट एक्झिस्ट्स फक्त जुळणारी ओळ आहे का एवढंच बघतं. आतला नल कशाशीच जुळत नाही, म्हणून उत्तर बिघडत नाही.

वेगातही मला नॉट एक्झिस्ट्सच उजवं वाटलं. 2009 च्या 8.4 आवृत्तीपासून पोस्टग्रेस त्याचा अँटी जॉइन करतं, म्हणजे दोन्ही टेबलं एकदम जोडून न जुळलेल्या ओळी काढतं. मी वापरलेल्या आवृत्त्यांत नॉट इनला ती सवलत नव्हती: आतली यादी मेमरीच्या मर्यादेत मावली तर हॅश (झटपट शोधायचा तक्ता), नाहीतर बाहेरच्या प्रत्येक ओळीसाठी ती पुन्हा चाळायची. ही मर्यादा ठरवणारं वर्क-मेम हे सेटिंग मुळात 4 एमबीच असतं, म्हणून मोठ्या टेबलांवर एक्सप्लेन (क्वेरी कशी चालणार हे दाखवणारी आज्ञा) जरूर बघा. ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये 11जी आवृत्तीपासून नॉट इनसाठी नल सांभाळणारा अँटी जॉइन आहे, तिथे वेगाची तक्रार कदाचित कमी असेल. उत्तर मात्र तिथेही रिकामंच येतं.

हाताने लिहिलेल्या दोन-चार व्हॅल्यूंच्या यादीसाठी मी आजही नॉट इन लिहितो. फक्त बाहेरचा रकाना नल असेल तर ती ओळही गळते, तेवढं तपासून घ्या.