तालुक्याच्या वाचनालयातलं ते टेबल

लेक म्हणाली, “माय, मले पोरगीच आवडते.” त्यावर दोन महिने झोप नव्हती मला. जूनच्या शेवटी, पेरणी आटोपल्यावर, तालुक्याच्या वाचनालयात गेली. जून हा प्राइड महिना, म्हणजे समलिंगी अन् तृतीयपंथी माणसांच्या अभिमानाचा महिना, म्हणून दाराजवळच्या टेबलावर त्यांच्यावरची पुस्तकं मांडली होती. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक उभ्याउभ्याच अर्धं वाचलं; मित्रा हे त्यातल्या मुलीचं नाव. मुलीवर जीव लावणारी मुलगी मराठी रंगभूमीवर १९८१ सालीच येऊन गेली, अन् मी समजत होती हे शहरातलं नवीन! शेवट फार दुःखाचा आहे. लेकीच्या हाती देण्याआधी आईनं वाचावं.

बाजूच्या फळ्यावर साध्या मराठीत लिहिलं होतं : ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून वगळले, म्हणजे ते आता गुन्हा नाहीत. ते वाक्य मी वहीत उतरवलं, तिच्या बाबाले दाखवाले.

ग्रंथपाल ताईंनी ‘काहून पाहिजे’ असं एका शब्दानं विचारलं नाही. रजिस्टरमध्ये सही घेतली, पुस्तक दिलं, बस.

उणं एवढंच की प्रत एकच आहे, तृतीयपंथी माणसांवर जेमतेम एक पुस्तक, अन् जुलै लागला की टेबल उचलतात. ते बारा महिने ठेवा, ताई. एखादी माय पोळा झाल्यावर येईल.