स्वतःची बोअर असेल तर: सेप्टिक टाकी की दोन शोषखड्डे?

सोलापूरच्या हद्दीवर प्लॉट घेतला की बोअर आधी पडते, कारण उजनी धरणाचं नळाचं पाणी रोज येत नाही. मैल्याच्या सोयीचा विचार नंतर होतो आणि तिथंच फसगत होते. गल्लीत ड्रेनेज लाइन आली असेल तर जोडणीच घ्या. पुढचं सगळं लाइन नसलेल्यांसाठी.

दोन शोषखड्डे स्वस्त पडतात. विटांची जाळीदार बांधणी, तळ उघडा. एक भरला की चेंबरमधून मैला दुसऱ्यात वळवायचा, पहिला किमान वर्षभर बंद ठेवायचा. पण त्यात न्हाणीचं पाणी सोडायचं नाही आणि दहा लिटरचा फ्लश टँक त्याला झेपत नाही. काळ्या मातीत पावसाळ्यात खड्डा पाणी शोषतच नाही. मुरूम वर असेल आणि संडास साधा भारतीय असेल, तरच हा मार्ग धरा.

सेप्टिक टाकी महाग, पण कमोडवाल्या घराला तीच बरी. पाच माणसांना आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, पाणी एक मीटर खोल. याहून अरुंद किंवा उथळ टाकी नियमातही बसत नाही. आउटलेटला, म्हणजे पाणी बाहेर पडतं तिथं, T आकाराचा टी पाइप हवाच. तो वाचवला की वर तरंगणारी मळाची साय थेट शोषखड्ड्यात जाते आणि खड्डा तुंबतो. माती लोटण्याआधी टाकी काठोकाठ भरा, खडूने रेघ मारा, २४ तासांनी पाहा. पाणी बरंच उतरलं तर टाकी गळते आहे; ती दुरुस्त होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.

टाकीतून बाहेर पडणारं पाणीही शेवटी शोषखड्ड्यातच जातं. त्यासाठी आधी चाचणीचा छोटा खड्डा खणून रात्रभर पाण्याने भिजवा. दुसऱ्या दिवशी पाणी अडीच सेंटिमीटर उतरायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला, तर तिथं शोषखड्डा चालणार नाही.

खरी अडचण अंतराची. नियमाप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरी-बोअरपासून १८ मीटर, म्हणजे सुमारे ५९ फूट लांब हवा. ३० बाय ४० फुटांच्या प्लॉटचा कर्णच ५० फूट! शेजाऱ्याच्या बोअरपासूनचं अंतरही मोजायचं. शिवाय बेसाल्टच्या, म्हणजे इथल्या काळ्या कातळाच्या, भेगांतून पाणी गाळलं न जाता धावतं. म्हणून एवढ्या प्लॉटवर बोअरचं पाणी वापरायलाच ठेवा, पिण्याला नळाचं. बोअरचा केसिंग पाइप मुरूम संपून कातळात रुतेपर्यंत घाला, भोवतीची फट सिमेंटने बुजवा.

टाकीचं झाकण पार्किंगच्या फरशीखाली गाडू नका. उपसा गाडीचा पाइप तिथं पोहोचला पाहिजे. सफाईसाठी संरक्षक साधनांशिवाय माणूस आत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.