गोठ्यावरचं दूध की पिशवीतलं?

दूध कुठून घ्यावं असं कुणी विचारतं, तेव्हा बहुतेक वेळा त्याचं मन आधीच गोठ्याकडे झुकलेलं असतं. मोठ्या प्रकल्पाचं दूध म्हणजे हजारो जनावरांचं एकत्र केलेलं. कुठल्या गाईनं काय खाल्लं, तिला काय टोचलं, काही पत्ता लागत नाही. त्यापेक्षा डोळ्यांदेखत धार काढून दिलेलं दूध बरं, असं वाटणं साहजिक आहे. मलाही तसंच वाटायचं आणि बरीच वर्षं मी गोठ्यावरूनच दूध घेत होतो. आता पिशवीचं घेतो. पण गोठ्याच्या बाजूनं जे खरं आहे ते आधी सांगायला हवं.

चवीत तुलनाच नाही. गोठ्याच्या दुधाला ऋतू असतो, चारा बदलला की वास बदलतो, साय जाड येते. पिशवीतलं दूध बारा महिने एकसारखं, कारण स्निग्धांश मोजूनमापून ठरावीक आकड्यावर आणलेला असतो. काही पिशव्यांच्या दुधावर साय धड येत नाही आणि लोक लगेच भेसळ म्हणतात. ते बहुधा होमोजिनाइज्ड दूध असतं. दाबाखाली स्निग्धांशाचे कण इतके बारीक केलेले असतात की ते वर तरंगून येत नाहीत. त्यात लबाडी काही नाही, पण सायीसाठी दूध घेणाऱ्याचा हिरमोड होतो हे खरं.

जंतूंचा मुद्दा फार ताणू नये, असं माझं मत. पाश्चरीकरणात दूध ७२ अंशांवर १५ सेकंद किंवा ६३ अंशांवर ३० मिनिटं ठेवतात. घरी तुम्ही दूध उकळी येईपर्यंत तापवता, म्हणजे त्याहून जास्तच. क्षयाचे जंतू, ब्रुसेला, साल्मोनेला, लिस्टेरिया हे सगळे त्यात मरतात. कच्चं दूध तसंच पिणं वेगळं, ते कुणीच करू नये; गरोदर बाईनं आणि लहान मुलानं तर नाहीच. २०२४ साली अमेरिकेत गाईंना बर्ड फ्लू झाल्याचं कळलं. कच्च्या दुधात जिवंत विषाणू सापडले, दुकानातल्या पाश्चरीकृत दुधात मात्र सापडले नाहीत. उकळून पिणाऱ्याला दोन्ही दुधं या बाबतीत जवळपास सारखीच.

मला अडलं ते दुसरीकडे. दुधात अशाही गोष्टी येतात ज्या उकळून जात नाहीत. जनावराला दिलेल्या प्रतिजैविकाचा अंश हा त्यातला मोठा. दुसरी गोष्ट बुरशीची. ओलसर पेंडीला किंवा मक्याला बुरशी लागली की त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि तेच रूप बदलून दुधात उतरतं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात त्याची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे डोळ्याला, जिभेला कळण्याचा प्रश्नच नाही. जंतूंचा बंदोबस्त मी माझ्या शेगडीवर करू शकतो, यांचा नाही. हे आधीच कुणी मोजून थांबवलं तरच थांबतं.

आता अनुभव सांगतो. गोठ्याच्या दुधाचं दही अधूनमधून लागायचंच नाही. सकाळी झाकण काढावं तर वर पातळ पाणी, खाली मऊ लगदा, आंबटपणाचा मागमूस नाही, उलट किंचित गोडसर वास. आधी वाटलं, थंडी असेल. मग विरजण शिळं असेल. म्हणून एकदा एकच विरजण दोन भांड्यांना लावलं, एकात गोठ्याचं दूध, एकात पिशवीचं. दोन्ही सारखीच कोमट केली, शेजारी शेजारी झाकून ठेवली. सकाळी पिशवीच्या दुधाचं दही सुरी फिरवली तर कड धरून राहील इतकं घट्ट, आणि शेजारचं हलवलं की हिंदकळणारं. प्रतिजैविकाचा अंश असला की विरजणातले जंतू वाढत नाहीत, हे दूधधंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. चीज करणारे तर याच कारणानं असं दूध परत पाठवतात. माझं भांडं म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे, दही न लागण्याची दहा कारणं असतात. पण मी गोठ्यावर विचारलं.

मालक माणूस सरळ होता. एका गाईला दगडी (कासेची सूज) झाली होती, दुखऱ्या सडात औषधाची ट्यूब सोडली होती. "त्या सडाचं दूध टाकतोय ना आपण, बाकी तीन सडांचं चांगलंय," असं तो म्हणाला. त्याला ते मनापासून बरोबर वाटत होतं. पण एका सडात सोडलेलं औषध रक्तावाटे थोडंफार बाकीच्या सडांतही उतरतं, म्हणूनच ठरलेली मुदत संपेपर्यंत चारही सडांचं दूध बाजूला काढायचं असतं. मुदत औषधागणिक वेगळी आणि ती डब्यावर छापलेली असते. मी हे सांगितलं तेव्हा त्यानं मान डोलावली आणि विचारलं, तितके दिवस त्या गाईचं खाणं कुणी घालायचं? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोजक्या जनावरांवर घर चालवणाऱ्याला एका गाईचं सगळं दूध ओतून देणं म्हणजे पोटाला चिमटा. त्यानं ते ओतलं नाही, आणि पुढेही कधी ओतेल असं मला वाटलं नाही. माझा निर्णय तिथेच झाला. तो माणूस खोटा नव्हता, पण त्याच्या आणि माझ्या मध्ये मोजणारं कुणीच नव्हतं.

नीट चालणाऱ्या मोठ्या प्रकल्पात टँकर रिकामा करण्याआधी नमुन्यात पट्टी बुडवून प्रतिजैविकाची चाचणी घेतात. पट्टीवर औषधाचा अंश दिसला तर अख्खा टँकर परत जातो. एका गाईचं दूध टाकायला जड जातं तिथे टँकर परत जाण्याची भीती कामाला येते, खालच्या संकलन केंद्रापर्यंत पोचते. इथे थोडं सबुरीनं घ्यायला हवं. बहुतेक पट्ट्या पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं पकडतात, सगळी नाही. आणि सगळेच प्रकल्प सारख्या काटेकोरपणे चाचणी घेतात असं मी म्हणणार नाही.

मोठ्या व्यवस्थेचं अपयशही मोठंच असतं. १९८५ साली अमेरिकेत एका प्रकल्पाच्या पाश्चरीकृत दुधातून साल्मोनेलाची लागण १६ हजारांवर लोकांना झाल्याचं तपासणीत नक्की झालं. यंत्रातच कच्चं दूध तापवलेल्या दुधात मिसळलं असावं असा निष्कर्ष निघाला. २००८ चं चीनमधलं मेलामाइन प्रकरण तर त्याहून वाईट. दुधात पाणी घालायचं आणि प्रथिनं कमी दिसू नयेत म्हणून मेलामाइन हे प्लास्टिक उद्योगातलं रसायन टाकायचं, कारण प्रथिनांची नेहमीची चाचणी नायट्रोजन मोजते आणि मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली. म्हणजे मोजणी होती, पण मोजणीलाच फसवलं गेलं. तेव्हा पिशवीवर आंधळा विश्वास ठेवा असं मी सांगत नाही. फरक एवढाच की तिथे चूक पकडण्याची एक जागा तरी आहे. पिशवीवर बॅच क्रमांक असतो, तारीख असते, माल परत मागवता येतो. किटलीतल्या दुधाला मागे जायला वाटच नसते.

मांसाबद्दल थोडक्यात, कारण तिथे माझा कल वेगळा आहे. ब्रॉयलर कोंबड्यांना हार्मोनची इंजेक्शनं देतात ही भीती मनातून काढून टाकावी. त्या सहाएक आठवड्यांत वाढतात ते पिढ्यान्पिढ्यांच्या निवडीमुळे आणि खाद्यामुळे. खरी काळजी प्रतिजैविकांची. वजन वाढवण्यासाठी ती खाद्यात घालण्यावर युरोपीय संघानं २००६ पासून पूर्ण बंदी आणली, पण सगळ्या जगात तसं झालेलं नाही. मांसात मला टाळावासा वाटतो तो कारखान्यातला तयार खिमा. अखंड तुकड्यावर जंतू बहुधा वरवर असतात आणि शिजवताना मरतात. खिम्यात कितीतरी जनावरांचं मांस एकत्र येतं आणि वरचं आत जातं. त्यामुळे मी अखंड तुकडा घेतो आणि समोर खिमा करून घेतो, मग दुकान लहान असो की मोठं. मात्र शिजवूनही न जाणाऱ्या गोष्टींचा प्रश्न इथेही सुटत नाही. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये ओळखलेल्या गाईंच्या वेडाच्या रोगाचं मूळ जनावरांच्याच हाडामांसाच्या भुकटीच्या खाद्यात होतं, आणि तो रोगकारक प्रथिनाचा कण शिजवूनही नष्ट होत नाही. तो आवरला तो खाद्यावरच्या बंदीनं आणि तपासणीनं.

तुमच्या ओळखीचा गोठा असेल आणि चवीसाठी तिथलंच दूध हवं असेल, तर जरूर घ्या, पण आधी दोन गोष्टी विचारा. जनावराला औषध दिल्यावर त्याचं दूध किती दिवस बाजूला काढता आणि ते जातं कुठे? वासरांना, ओतून देतो, असं काही ठोस उत्तर आलं आणि औषधांची वही दाखवली, तर तो गोठा धरून ठेवा. असा मला मिळाला असता तर मीही पिशवीकडे गेलो नसतो. "आमच्याकडे औषध लागतच नाही" असं उत्तर आलं तर मात्र पिशवी घ्यावी, शक्यतो त्याच दिवशी भरलेली. दुभत्या जनावराला आयुष्यात कधीच दगडी होत नाही, असं मी तरी अजून पाहिलेलं नाही.