प्लेस्टेशनवर पिक्चर-सिरियल उतरवून देतो म्हणून १३,८५८ रुपयांची टोपी

आधी आकडे सांगतो, म्हणजे भेटेल त्यानं "किती गेले, किती गेले" विचारायला नको. १,४९९ मेंबरशिपचे, २,३६० 'कन्सोल रजिस्ट्रेशन'चे, आणि ९,९९९ रिफंड देतो म्हणून काढून घेतलेले. एकूण १३,८५८. त्यातले १,१४० कुठल्यातरी खात्यात होल्डवर आहेत म्हणे. बाकीचे गेले.

आता लगेच "फुकटचे पिक्चर बघायला गेला असणार" म्हणू नका. १,४९९ म्हणजे फुकट काय? घरी पोराचा सेकंडहँड प्लेस्टेशन ४, म्हणजे टीव्हीला लावायचा गेमचा कन्सोल आहे, टीव्ही साधा, स्मार्ट नाही, आणि आईचा सिरियलचा एक भाग चुकला की दोन दिवस घरात तोंडं वाकडी. प्लेस्टेशनवर यूट्यूब चालतंय, मग सिरियली पण उतरवून ठेवता आल्या तर वेगळा बॉक्स कशाला घ्या, एवढाच माझा हिशोब होता. जाहिरातीत 'लायसन्सवाला कंटेंट, मराठीसकट सगळ्या भाषा, एकदाच पैसे, आयुष्यभर डाउनलोड' असं स्वच्छ लिहिलेलं. खाली कुठल्या कुठल्या मशीनवर चालणार त्याची यादी: प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, पीएसपी, निन्टेन्डो वी, सगळं एकाच फाइलनं. पोरगा नंतर म्हणतोय, पप्पा, वी वर साधी डीव्हीडी पण लागत नाही, आणि त्याचं ऑनलाइन दुकान २०१९ लाच बंद झालंय. नंतर सांगून काय उपयोग बाबा.

आणि खरं कारण सांगू का, तो जाहिरातवाला माणूस मराठीत बोलला. आपल्याकडं बेळगावात कस्टमर केअरला फोन लावा, कन्नड, हिंदी, इंग्लिश, एवढंच कानावर पडतंय. आणि हा पहिल्याच फोनला "नमस्कार दादा, बेळगावहून बोलताय ना, आमची आत्या खानापूरला असते" म्हणून सुरू. आता आत्याबित्या सगळी खोटी हे कळतंय, पण त्या वेळी बरं वाटलं, आणि बरं वाटलं तिथंच घात झाला.

१,४९९ भरल्यावर मेसेज आला की तुमचा कन्सोल आयडी रजिस्टर करावा लागेल, २,००० डिपॉझिट, परत मिळणार, अधिक जीएसटी. भरले. पावती आली. ही पावती मी आजपण काढून बघतो आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. माझं स्टेशनरीचं होलसेल दुकान आहे हो! अर्धा माल कोल्हापूरकडून येतोय, अर्धा इथनं, रोज दोन्हीकडची बिलं हाताखालून जातात. जीएसटी नंबर २७ नं सुरू झाला की महाराष्ट्र, २९ नं झाला की कर्नाटक, हे मला झोपेत पण कळतंय. या पावतीवर पत्ता पुण्याचा आणि नंबर २९ चा! पुण्याचा माणूस बेळगावला बिल करणार तर परराज्यातला आयजीएसटी लागणार, तर इथं राज्यातल्या राज्यात लागणारे सीजीएसटी १८०, एसजीएसटी १८०, डिपॉझिट धरून २,३६०. आणि परत द्यायच्या डिपॉझिटवर जीएसटी कुठला आला? दुकानात पोऱ्यानं असलं बिल घेतलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. पण जून महिना, शाळा उघडलेल्या, काउंटरवर वह्यांसाठी ही गर्दी, एका हातात गिऱ्हाइकाची यादी आणि दुसऱ्या हातात मोबाईल, कोण वाचतंय पावती. तुम्ही वाचली असती काय? खरं सांगा.

मग लिंक आली. डाउनलोड केली तर आत एक पीडीएफ. त्यात लिहिलेलं काय, तर पेन ड्राइव्हवर पिक्चर घ्या आणि प्लेस्टेशनला लावा. अरे हे तर पोरगं फुकट करतंय! पीएस ४ मध्ये मीडिया प्लेयर टाकला की पेन ड्राइव्हवरचं एमपी४, एमकेव्ही सरळ चालतंय, फाइल ४ जीबीच्या वर असली तर पेन ड्राइव्ह एक्सफॅट नावाच्या पद्धतीत फॉरमॅट करायचा, बास. कसलं रजिस्ट्रेशन न् कसला आयडी. आणि 'प्लेस्टेशन स्टोअरमधनंच पिक्चर विकत काढून देतो' असं कोण म्हणालं तर लक्षात ठेवा, सोनीनं तिथं पिक्चर-सिरियल विकणं आणि भाड्यानं देणं ३१ ऑगस्ट २०२१ ला बंद केलंय. एक्सबॉक्सवाल्या मायक्रोसॉफ्टनं पण २०२५ च्या जुलैत विक्री थांबवली. मला हे आधी कुणी सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

मी चिडून फोन केला, पैसे परत द्या म्हणून. तो जराही चिडला नाही, उलट "दादा तुमचं बरोबर आहे, आत्ताच रिफंड करतो" म्हणाला आणि क्यूआर पाठवला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मलापण माहीत आहे, दुकानात रोज स्कॅनर वाजतोय. पण तो बोलतच राहिला, "स्क्रीनवर रिफंड दिसतंय बघा, टाका, टाका" करत, समोर बाई पाच डझन वह्यांचा भाव पाडून मागायलेत, आणि मी पिन टाकला. स्क्रीनवर 'रिफंड' लिहिलेलं खरंच होतं, पण ते त्यानं ठेवलेलं दुकानाचं नाव होतं. ९,९९९ गेले.

बँकेत पळालो. खातं चंदगडच्या बाजूला, सासरवाडीमुळं उघडलेलं जुनं. तिथं साहेब म्हणतात, तुम्ही स्वतः पिन टाकलाय म्हणजे तुम्हीच परवानगी दिलीय, आणि राहता कर्नाटकात, तर तिकडं तक्रार करा. इकडं पोलीस ठाण्यात गेलो तर, खातं महाराष्ट्रात आहे, तिकडं जा. मराठीत अर्ज लिहून नेलेला, तो बघितला पण नाही, कन्नडमध्ये लिहून आणा. शेजारच्याकडनं लिहून आणला तर जेवणाची वेळ. मग एकजण विचारतोय, पायरेटेड पिक्चर बघत होता काय, तुमच्यावरच केस होईल. म्हणजे पैसे माझे गेले आणि आरोपी पण मीच! हद्द कुठली का असेना, तक्रार घेतलीच पाहिजे, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १७३ मध्ये तसं आहे. हे मी म्हणालो तर "वकील आहात काय?" सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, आता त्याच्या शेजारी माझे १३,८५८ पण पडून राहणार. होल्डवरचे १,१४० सोडवायला कोर्टाची ऑर्डर आणा म्हणाले. वकील तेवढ्यात नुसती वही तरी उघडेल काय?

पैसे गेले की कुठल्या बँकेत, कुठल्या ठाण्यात पळू नका, जागेवरनं आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार टाका आणि पोचनंबर लिहून ठेवा. यूपीआयचा बारा आकडी नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट आधी काढा, कारण माझी अर्धी चॅट त्यानं डिलीट करून टाकली. आणि जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून बघा, मिनिटभराचं काम.

तो नंबर अजून चालू आहे. डीपी बदललाय, आता टीव्ही बॉक्स विकायलाय, १,२९९ ला. पुण्याचा पत्ता आणि २९ चा नंबर असलेली पावती आणखी कुणाकडं असेल तर मला कळवा, लाजू नका. चार-पाचजण मिळून गेलो तर अर्ज घेतात असं कन्नडमध्ये लिहून देणारा तो शेजारी म्हणतोय.